पाठमोरा

पहिल्या खेळाच्या दिवशी दुपारची जेवणं उरकली, भांडी आत गेली, तरी दादाच्या खोलीचं दार काही उघडलं नाही. संध्याकाळी थिएटरात नव्या सिनेमाचा पहिला खेळ होता. दाराशी दादाचं दोन मजली उंचीचं चित्र लागलं होतं, बड्या पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो कालपासून वरच्या मजल्यावर दार लावून बसला होता.

ताई दिवाणखान्यात खिडकीपाशी बसून जिन्याकडे कान लावून होती. दादाची ही धाकटी बहीण त्याच्या जवळजवळ सगळ्या सिनेमांची संकलक. शाळा सुटल्यावर वडिलांनी तिला एडिटिंगच्या खोलीत बसवलं ते बसवलंच. भावाचा चेहरा कापणं आणि जोडणं, यातच तिचे केस पांढरे झाले. तो हसण्याआधी किती वेळ थांबतो, कुठल्या डोळ्यात आधी पाणी येतं, हे तिच्या बोटांना पाठ होतं. पण आज तो वर काय करत असेल, याचा तिला अंदाज येत नव्हता.

सगळं बिनसलं ते गेल्या आठवड्यात. सिनेमा पुरा झाल्यावर मोजक्या प्रेक्षकांना बोलावून दाखवायचा, ही वडिलांच्या वेळेपासूनची पद्धत. दादा नेहमीसारखा मागच्या रांगेत अंधारात जाऊन बसला. पडद्यावर त्याची एंट्री झाली. एके काळी या जागी शिट्ट्यांनी संवाद बुडायचे. या वेळी सगळ्या थिएटरने एक सुस्कारा सोडला. त्यात राग नव्हता, टिंगल नव्हती. दारात नेहमीचा पाहुणा दिसावा आणि घरातल्यांनी एकमेकांकडे न बघता मनात म्हणावं, आला परत, तसा तो सुस्कारा होता. ताई दोन खुर्च्या सोडून बसली होती. तिला वाटलं, थिएटरातली हवाच कुणीतरी काढून घेतली.

घरी येताना गाडीत दादा एकच वाक्य बोलला. "शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. शिव्या घालायला निदान समोर माणूस दिसावा लागतो."

त्यानंतर तो गप्पच झाला. परवा एका दुकानात तो फळीपुढे उभा असताना एका बाईने त्याला बाजूला व्हायला सांगितलं. तिने त्याला ओळखलं होतं. चेहरा नीट निरखून, ओळखूनच ती म्हणाली, जरा सरका. हे त्याने रात्रीच्या जेवणाला सांगितलं तेव्हा सगळे आपापल्या ताटात बघत राहिले, आणि ताईच्या लक्षात आलं की हल्ली घरातसुद्धा दादा बोलायला लागला की सगळे ताटातच बघतात. टीव्हीवर त्याचा जुना सिनेमा लागला की कुणीतरी उठून चॅनल बदलतं, आणि विचारलं तर आपण बदललं हे त्यालाही आठवत नाही.

"हे बघा," चिरंजीव घसा खाकरून म्हणाला. दादाचा हा एकुलता एक मुलगा, आता घराण्याच्या स्टुडिओचा कारभारी. घरात सगळे त्याला चिरंजीवच म्हणत, आधी थट्टेने, मग सवयीने. "बाबा येणार नाहीत असंच धरून चालू. मग बंधूकाकाला पाठवू."

दादा-ताईची आई आरामखुर्चीत डोळे मिटून बसली होती. तिची नजर गेली होती, पण कान शाबूत होते. तिने मान हलवली नाही. बंधू दाराला पाठ टेकून उभा होता, तो नेहमी उभा राही तसा, आत पाऊल न टाकता.

बंधू म्हणजे दादाचा मावसभाऊ. आईची धाकटी बहीण अकाली गेली तेव्हा तिचा हा पोरका मुलगा या घरात आला. दोघी बहिणींचे चेहरे सारखे होते, तसे दोघींच्या मुलांचेही निघाले. वडिलांची नजर धंद्याची. त्यांनी या पोराला शाळेऐवजी घोड्यावर बसायला शिकवलं, मग गच्चीवरून उडी मारायला, मग आगीतून चालायला. दादाच्या सिनेमात जो माणूस पडतो, बुडतो, जळतो आणि प्रेक्षकाकडे पाठ करून दूर निघून जातो, तो बंधू. एकदा पडून त्याचं नाक मोडलं तेव्हा डॉक्टरांनी दादाचा फोटो समोर ठेवून ते बसवलं. दादाने मिशी ठेवली की बंधूने ठेवायची, दादाने उतरवली की याने उतरवायची. स्वतःचा भांग कुठे पाडायचा हे त्याने आयुष्यात कधी ठरवलं नव्हतं. ऐन उमेदीत एकदा त्याचं लग्न ठरलं होतं, ते मुलीनेच मोडलं. म्हणाली, मी कुणाशी लग्न करतेय तेच मला कळेनासं झालंय. तेव्हापासून तो गॅरेजमागच्या दोन खोल्यांत एकटा राहत होता.

वहिनी ताडकन उठली. "माझ्या नवऱ्याच्या जागी कुणाला तरी बसवायचं आणि मी त्याच्या शेजारी जाऊन हसायचं, असं म्हणतोस तू?"

चिरंजीव तिला समजावू लागला. गाडीतून उतरायचं, हात हलवायचा, खुर्चीत बसायचं, एवढंच तर आहे. हिरो स्वतःच्या पहिल्या खेळाला आला नाही तर उद्या सगळीकडे हेच छापून येईल की त्याचा त्यालाच कंटाळा आलाय. मग आजोबांनी उभा केलेला स्टुडिओ कुलूप लावून विकायचा एवढंच उरेल. ताईने वहिनीची बाजू घेतली. या दोघींचं एरवी कधी फारसं जमलं नव्हतं, पण आज ती उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"लांबून निभेल," ताई म्हणाली. "पण कुणी पुढे माइक धरला तर? तोंड उघडलं की कळेल."

तेवढ्यात दाराकडून आवाज आला.

"उशीर झाला, माफ करा. घरच्यांना सोडून निघणं हल्ली जिवावर येतं. वय झालं."

तो दादाचा आवाज होता. आत्ताचा खरखरीत नव्हे, मधल्या काळातला, ज्याच्यापायी लोक वेडे झाले होते तो. शेवटच्या शब्दावर किंचित हसू दाबण्याची लकबसुद्धा तीच. बंधूचे ओठ हलताना तिने पाहिले होते, तरी तिची मान आपोआप जिन्याकडे वळली.

आरामखुर्चीतल्या आईने डोळे उघडले. "उतरलास का रे खाली? ये, इथे बस माझ्याजवळ."

बंधूने एकदा ताईकडे पाहिलं. मग तो आत आला, गालिचावरून चालत गेला आणि आईच्या पायाशी ठेवलेल्या स्टुलावर बसला. आई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. इतक्या वर्षांत बंधूला दिवाणखान्यात बसलेलं ताईने कधी पाहिलं नव्हतं.

वहिनी वर निघून गेली. ती खाली आली तेव्हा तिच्या हातावर दादाचा काळा कोट होता, आणि मुठीत त्याची अंगठी, आंघोळीलाही बोटातून न निघणारी.

"दार उघडलं दादाने?" ताईने विचारलं.

"दार नुसतं लोटलेलं होतं," वहिनी म्हणाली. "कालपासून. आपल्यापैकी कुणी ढकलूनच पाहिलं नाही."

तिचा आवाज आता शांत होता. तिने बंधूला उभं केलं, कोट चढवला, कॉलर सारखी केली, अंगठी बोटात सरकवली. अंगठी सहज बसली. मघाशी ताईच्या बाजूने उभी असलेली वहिनी आता कुठल्या बाजूला होती, ते तिच्या पाठीकडे बघून ताईला कळून चुकलं.

ताई वर गेली. दादा खिडकीत बसला होता. त्याने मिशी उतरवली होती. उघडा वरचा ओठ फिकट आणि ओलसर दिसत होता. तसा तो तिला कित्येक वर्षांत दिसलाच नव्हता. क्षणभर तिला परक्या माणसाच्या खोलीत शिरल्यासारखं वाटलं.

"खाली आवाज कुणाचा होता?" त्याने विचारलं.

"बंधूचा."

"चांगला लागलाय. माझा हल्ली तसा लागत नाही."

ती पलंगाच्या कडेवर टेकली. "दादा, हे आजच्या संध्याकाळपुरतंच आहे ना?"

तो बाहेर बघतच म्हणाला, "तू माझे क्लोजअप आखूड करत होतीस. गेल्या काही सिनेमांत. आणि बंधूचे पाठमोरे शॉट लांबवत होतीस. मला कळत होतं."

सिनेमाच्या गतीसाठी तसं करावं लागतं, असं काहीतरी ताईच्या जिभेवर आलं होतं. ते तिच्याने म्हणवेना, कारण तसं करताना आपल्याला काय वाटायचं ते तिला ठाऊक होतं. दादाचा चेहरा पडद्यावर आला की तिचा हात आपोआप शॉट कापायच्या बटणाकडे जाई.

"रागावलो नाही," तो म्हणाला. "मलाही त्याची पाठच बघायला आवडायची. खरं सांगू? दुकानातल्या त्या बाईने सरकायला सांगितलं तेव्हा मी सरकलो. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. हलकं वाटलं. अंगावरून कुणीतरी ओझं उतरवलं तसं. मग त्या हलकेपणाचीच भीती वाटली, म्हणून येऊन इथे बसलो."

"आणि आता?"

"आता भीती वाटत नाही." तो तिच्याकडे वळला. "जा, उशीर होईल. आणि बंधूला सांग, तो दुखरा डावा पाय जपून टाक म्हणावं. मी लंगडत नाही."

गाडीत बंधू मधे बसला, एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला ताई. चिरंजीव पुढच्या गाडीने आधीच गेला होता. दिवे लागायची वेळ होती. रस्त्यावर दर चौकात दादाचं चित्र लागलं होतं, आणि लोक त्याच्याकडे न बघता खालून चालले होते. ताईने हळूच विचारलं, आवाज कधी शिकलास. बंधू म्हणाला, शिकलो नाही, लहानपणापासून दुसरं ऐकलंय काय. पुढे काही वेळाने तो म्हणाला, "ताई, मला तिथे जायची भीती नाही वाटत. तिथून परत यायची वाटते." वहिनीने हे ऐकलं असावं. ती खिडकीबाहेर बघत होती, पण तिचा हात त्याच्या बाहीवर होता.

थिएटरापुढे गर्दी होती. ती दादासाठी नव्हती, नव्या नायिकेसाठी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. गाडीचं दार उघडलं तेव्हा दोन-चार कॅमेरेवाल्यांनी सवयीने मान वळवली. बंधू उतरला. उतरून लगेच पुढे न जाता तो तिथेच थांबला आणि त्याने गर्दीकडे पाहिलं.

नंतर ताईने या क्षणाचा पुष्कळ विचार केला. दादा गर्दीकडे बघायचा तेव्हा ती आपल्याकडे बघतेय ना, एवढंच बघायचा. हा माणूस जन्मभर तोंड फिरवून चालला होता. समोर इतके चेहरे त्याने पहिल्यांदाच पाहिले असावेत. तो एकेकाकडे बघत होता, भुकेल्यासारखा, आणि ज्याच्यावर नजर पडे तो माणूस बोलता बोलता गप्प होत होता. मग कुणीतरी "साहेब" अशी हाक मारली. तिच्यामागून दुसरी आली. बघता बघता सगळा रस्ता हाका मारू लागला. पोरी नायिकेला सोडून इकडे धावल्या. एक म्हातारा पत्रकार, दादाला तरुणपणापासून ओळखणारा, त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "साहेब, किती वर्षांनी असे दिसताय. कुठे होता इतके दिवस?"

"इथेच होतो," बंधू त्या आवाजात म्हणाला. "तुमचंच लक्ष नव्हतं."

लोक खळखळून हसले. ताई हसली नाही.

आत दिवे मालवले, सिनेमा सुरू झाला. ती मागच्या रांगेत बसली आणि दादाच्या एंट्रीची वाट बघत श्वास धरून राहिली. पडद्यावर दादा वळला, त्याचा चेहरा पडदाभर पसरला. सुस्कारा ऐकू आला नाही. तिने पडद्यावरची नजर खाली आणली.

थिएटरात ओळीने चेहरे दिसत होते. माना दिसायला हव्या होत्या तिथे चेहरे होते, पडद्याच्या उजेडात निळसर, सगळे उलटे वळलेले. मधल्या रांगेत बंधू बसला होता आणि पुढचं अख्खं थिएटर मागे वळून त्याच्याकडे बघत होतं. कुणी कुजबुजत नव्हतं. पडद्यावर दादा जीव तोडून बोलत होता, आणि त्याच्यासमोर फक्त लोकांच्या पाठी होत्या. तो थांबला, डोळे भरून आले, आधी डावा मग उजवा. ते बघणारी सगळ्या थिएटरात ताई एकटी होती. तिने बळेच शेवटपर्यंत त्याच्यावर डोळे रोखून धरले. कुणीतरी बघायला हवं होतं. पण मध्येच एकदा तिचीही मान वळली.

खेळ संपल्यावर लोकांनी बंधूला सोडलंच नाही. ती बाजूला खांबाशी उभी राहून बघत होती. वहिनी त्याच्या हातात हात घालून उभी होती आणि मान मागे टाकून हसत होती. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती तशी हसायची.

घरी आल्यावर ठरल्याप्रमाणे गाडी बाजूच्या फाटकाशी थांबायची होती, म्हणजे बंधूला परस्पर गॅरेजमागे जाता आलं असतं. ड्रायव्हरने गाडी सरळ पुढच्या दारी नेली. त्याला कुणी सांगितलं होतं का, हे ताईने विचारलं नाही. बंधू उतरला, पायऱ्या चढला आणि जेवणघरात जाऊन टेबलाच्या टोकाच्या, दादाच्या खुर्चीत बसला. कोट त्याने काढला नाही. चिरंजीव पुढच्या सिनेमाबद्दल बोलू लागला. वितरक आत्ताच विचारायला लागलेत, लोखंड तापलंय तोवर पुढचं जाहीर करू, गोष्टही मनात आहे. बोलण्याच्या भरात तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला वेळ मिळाला की बसू." खोलीतले सगळे थबकले. चिरंजीवही थबकला. पण त्याने शब्द मागे घेतला नाही, आणि वहिनीने आधी त्या टोकाच्या ताटात वाढलं.

आईने शेजारी चाचपून त्याचा हात धरला. "चांगलं झालं ना सगळं?"

"झालं," तो म्हणाला. क्षणभर थांबून पुढचा शब्द त्याने अगदी हळू उच्चारला. "आई."

ताई खुर्ची मागे सरकवून उठणार होती. काय बोलायचं हेही तिने ठरवलं होतं. दादा वर आहे, त्याला हाक मारते, एवढंच. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या बाजूचं दार वाजलं.

दारात दादा उभा होता. त्याने बंधूचा करडा स्वेटर घातला होता, कोपरावर विरलेला. पायात बंधूच्या सपाता. बाहेरून, अंगणातून आला होता तो. केव्हा उतरून गॅरेजमागे गेला होता, कुणास ठाऊक. उतरवलेल्या मिशीमुळे त्याचा चेहरा लहान आणि साधा दिसत होता. तो आत आला नाही. दाराला पाठ टेकून उभा राहिला.

टेबलाच्या टोकाला बसलेला माणूस अर्धवट उठला. दादाने त्याच्याकडे बघून किंचित मान हलवली, बस, म्हणाल्यासारखी. तो परत बसला.

"कोण आलंय?" आईने विचारलं.

चिरंजीव ताटात बघत होता. वहिनी ताटात बघत होती. ताईने तोंड उघडलं, आणि दादाचे डोळे तिच्यावर आले. त्या डोळ्यांत विनवणी होती. इतकी उघडी विनवणी तिने त्यांच्यात कुठल्याही क्लोजअपमध्ये पाहिली नव्हती. ती गप्प राहिली.

"मी आहे, मावशी," दादा म्हणाला.

आईने हात पुढे केला. दादा येऊन तिच्यापुढे वाकला. तिची बोटं त्याच्या कपाळावरून नाकावर आली, नाकावरून ओठावर, आणि जिथे मिशी होती तिथे थांबली. बराच वेळ थांबली. ताईला आईचा चेहरा दिसत होता. त्यावरचा एक स्नायू हलला नाही.

"तुझी आई आज हवी होती रे," ती अखेर म्हणाली, आणि हात काढून घेतला. "जेवला नसशील. याला वाढा कुणीतरी."

ताईने उठून ताट वाढलं. दादा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, नोकरांच्या दाराजवळ बसला. आठवडाभर त्याच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता. आता तो सावकाश, मन लावून जेवू लागला. त्याने दोनदा मागून घेतलं. त्याच्याकडे कुणीही बघत नव्हतं.